शिरका लागला की नाही

१० सप्टेंबर, बुधवार
ही डायरी मागल्या वर्षाची. मयुरी दापोलीला कॉलेजात गेली तेव्हा घरी टाकून गेली. छापलेले वार सगळे चुकतात, ते खोडून माझे लिहिते. ती म्हणाली, आई, तू बाबांवर दिवसभर ओरडतेस त्यातलं अर्धं हिच्यात ओरड. बघू. सातवीनंतर पेन धरलं ते रॉकेलच्या रांगेत सही करायलाच.

ह्यांचा गणपतीतला ताप उतरला. अंगात ताकद आली म्हणून आज स्वयंपाकाला उभे राहिले. मी विहिरीवर. तिथपर्यंत लसूण करपल्याचा वास. धावत आले तर हे झारा हातात धरून उभे, कढईत कोळसा. म्हटलं, उभ्या उभ्या झोपलात काय? तर म्हणतात, 'काय झालं?'
'करपलं की हो.'
कढईत वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्यांचं तोंड बघून मी गॅस बंद केला आणि गप्प बसले. मी, गप्प.

१२ सप्टें., शुक्र.
चिपळूणला नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे. पोरगी लहान आहे पण बोलायला बरी. तापानं नाकातल्या नसा दुखावल्यात म्हणाली. 'परत येईल का?' 'काहींचा येतो, काकी. काहींचा अर्धाच येतो. वेळ लागतो.' किती वेळ ते सांगेना. मी दोनदा विचारलं. ह्यांनी माझा पदर ओढला.
रोज सकाळ-संध्याकाळ घरातले ओळखीचे चार वास हुंगवा म्हणाली. लवंग, लिंबू, असलं काहीही. वास आठवत आठवत हुंगायचं. मी म्हटलं, आमच्याकडे घरचा शिरका आहे, माडाच्या माडीचा व्हिनेगर. पूर्वी कोणाला चक्कर आली की तोच हुंगवायचे. म्हणाली चालेल, पण लांबून. नाकात घालू नका.
यष्टीत हे खिडकीकडे तोंड करून. मी म्हटलं, येईल हो. 

१४ सप्टें., रवि.
लवंग, लिंबू, कॉफीची बाटली, शिरका. चार वाट्या. हे पाटावर डोळे मिटून बसले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.
लवंग. नाही.
लिंबू. नाही.
कॉफी. नाही.
शिरका. 'झणका बसतो नाकात. डोळ्यांत पाणी येतं. पण वास नाही.'
'झणका म्हणजे वासच की.'
'नव्हे गो. मिरची डोळ्यात गेली तर तिचा काय वास येतो?'
रोज लिहायचं म्हणून मी खूण ठरवली आहे. ना. ना. म्हणजे नाक नाही. ना. आ. म्हणजे नाकाला आलं.
ना. ना.

१७ सप्टें., बुध.
जेवण म्हणजे पोतं भरल्यासारखं. तिखट लागतं, आंबट लागतं, मीठ लागतं, बाकी कापूस म्हणतात. सुरमई केली तरी कापूस. पँट खाली उतरते, पट्ट्याला नवं भोक पाडलं खिळ्यानं.
जन्मभर ह्या माणसानं बोटीवर स्वयंपाक केला. बोटीवर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. आम्ही जातीचेही भंडारीच. सासूबाई हसायच्या, माझा अण्णा डबल भंडारी. कुठल्या कुठल्या देशांचे खलाशी ह्यांच्या हातचं जेवून गेले. हे मीठ चाखून बघायचे नाहीत कधी. कढईवरून हात फिरवायचे, वाफ नाकाशी आणायचे, झालं.
आता कढईपासून लांब बसतात. मी करते. माझ्या हाताला चव नाही हे अख्ख्या अंजनवेल गावाला ठाऊक.
ना. ना.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री
सा. बाईंचं पान वाढलं. कावळा लगेच आला, त्यांना घाई नव्हती कधी पण कावळ्याला होती.
दुपारी खालच्या आळीतली सकिनाभाभी आली. 'सुमन, वायच सिरका दे गो. नातीला ताप हाय.' आम्ही शिरका म्हणतो, ती सिरका. औषध चालू आहे, पण कपाळावर शिरक्याच्या पाण्याची पट्टी पडली नाही तर तिचं समाधान होत नाही. माझंही होत नाही. मयुरीच्या प्रत्येक तापाला मी तेच केलं. पाणी जास्त, शिरका थोडा, पट्टी कपाळाला, उरलेलं पाणी तळपायाला. पोर त्या वासानं नाक मुरडते आणि झोपते.
जुन्या बरणीत आता तळाशीच आहे. वर ती जाड साय. तिला आमच्या घरात म्हातारी म्हणतात. म्हातारीला हलवायचं नाही, तिच्यात बोट घालायचं नाही, नव्या माडीत तिला हलक्या हातानं सोडायचं, मग ती माडीचा शिरका करते. सा. बाई जिवंत होत्या तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं विचारायची, म्हातारीला कुठे ठेवू? त्या आतून ओरडायच्या, ठेव तुझ्या डोक्यावर.
भाभी जाताना ह्यांच्याकडे बघून म्हणाली, 'भावजी वाळले.' हे बागेत होते, ऐकू गेलं नसेल.
ना. ना.

२६ सप्टें., शुक्र.
ह्यांनी आज एक गोष्ट सांगितली. मी मागून आले चहा घेऊन, हे दचकले, चहा सांडला. मी चिडले. तर म्हणाले, पूर्वी तू आलीस की कळायचं. खोबरेल आणि शिरका, असा वास तुझा. आता पाठीमागे कोण आलं ते कळत नाही.
मी म्हटलं, शिरक्याचा वास येतो म्हणे बायकोला. काय कौतुक.
पण नंतर...
आता खोलीत शिरताना बांगड्या वाजवते. किंवा 'मी आले हं' म्हणते. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी.
ना. ना.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
आज बरणी भरायची. दसऱ्याला भरतात आमच्याकडे. बबन, ह्यांचा चुलतभाऊ, सकाळी माडावर चढला. पाऊस थांबून फार दिवस नाही झाले, खोडं शेवाळलेली, मी खालून ओरडत होते. तो वरून म्हणतो, 'वैनी, तुमच्या आवाजानंच पडंन, गप ऱ्हावा.' ताजी माडी आणली, फेसाळलेली, गोड. नवी बरणी उन्हात तापवून ठेवली होती. माडी ओतली. म्हातारी सोडली. तोंडाला धुतलेलं फडकं, वर सुतळी.
मग नेहमी हे बरणीवर हात ठेवून म्हणतात, लागला की सांगतो.
दही लागतं तसा शिरका लागतो. लागला की नाही ते नाकानं ठरवायचं, जिभेनं नाही. जीभ घाई करते असं सा. बाई म्हणायच्या. आणि नाक घरात एकाचंच. आधी त्यांचं होतं, मग त्यांनी ह्यांना दिलं. मी सून, चूल माझी, बरणी मी धुवायची, पण नाक मला दिलं नाही. 'तुला धीर नाय, सुमन. तू उद्याचं आज उघडशील.' खरं आहे ते. पहिल्या वर्षी मी आठवड्यात उघडलेली. मग त्या वर्षी हे बोटीवरून येईपर्यंत बरणीला कोणी हात लावला नाही. बोटीवरून फोन आला की आधी विचारायचे, बरणी कशी आहे. मग मी.
तर आज हे बरणीपाशी उभे राहिले. हात ठेवला नाही. म्हणाले, 'या वर्षी तूच बघ.'
एवढी वर्षं मला तेच हवं होतं.
मी म्हटलं, 'मला नको. मी घाईची आहे. तुम्हीच सांगायचं.'
'कशानं सांगू?'
बबन खाली बघून कोयती पुसत बसला.
मी फडक्यावर सोनं ठेवलं, आपट्याचं. ह्यांनाही सोनं देऊन पाया पडले तर म्हणतात, उठ गो.
ना. ना.

६ ऑक्टो., सोम.
मयुरीचे कपडे, फराळाची भाजणी घेऊन दापोलीला गेले. धोपाव्याहून फेरीबोटीनं पलीकडे दाभोळ, तिथून यष्टी. संध्याकाळी आले तर हे मोरीत बसलेले, तोंड पांढरं. दुपारी लाईट नव्हती. फ्रीजमधला कालचा बांगडा गरम करून खाल्ला. दार उघडल्याबरोबर मला पातेल्याचा वास आला. मांजरसुद्धा त्या पातेल्याकडे गेलं नव्हतं.
मी खूप बोलले. बोलायला नको होतं तेही बोलले. डोळे फुटलेत काय, रंग दिसत नाही काय.
हे भिंतीला टेकून म्हणाले, 'अख्ख्या बोटीला जेवू घातलं. वादळात घातलं. एकाचं पोट बिघडलं नाही माझ्या हातून. आता स्वतःचंच...'
मग मी शिरक्याच्या पाण्यात फडकं भिजवून कपाळावर ठेवलं. ताप नव्हता. दुसरं काय करायचं सुचेना. फडकं बदलत बसले. हात धरून ठेवला त्यांनी, म्हटलं सोडा, फडकं वाळतंय. सोडला नाही.
ह्यांना एकटं टाकून कुठे जायचं नाही आता.

९ ऑक्टो., गुरु.
ना. आ.
आला. शिरक्याच्या वाटीला म्हणाले, 'थांब. आला वाटतं.' मी म्हटलं कसा? 'आपल्या पडवीसारखा.' बरणी पडवीतच असते. मी वाटी खाली ठेवली आणि रडले. मग लवंग दिली. 'थोडी येते.'
मयुरीला फोन. बबनला सांगितलं. सकिनाभाभीच्या दारातून ओरडून सांगितलं. ती म्हणाली, 'अल्ला, मी रोज मागत होते गो.' देवीला नारळ ठेवला.
दिवाळीला वरच्या, भाड्यानं द्यायच्या दोन खोल्यांसाठी पुण्याची माणसं विचारत होती, गोपाळगड बघायला येतात ती. जेवण मिळेल का म्हणून. मी गेला महिना टाळत होते. आज हो सांगितलं.

१२ ऑक्टो., रवि.
ना. आ. असंच लिहिलं तीन दिवस.
पण आज देवापुढे मी उदबत्ती लावायची विसरले. काडेपेटी संपलेली. हे आंघोळ करून आले, देवाला हात जोडले आणि म्हणाले, 'उदबत्ती छान आहे गो. नवीन आणलीस काय?'
मी हो म्हटलं.


१३ ऑक्टो., सोम.
चार वाट्या मांडल्या. चौथ्या वाटीत विहिरीचं पाणी घातलं.
डोळे मिटून पाटावर बसले. लवंग, लिंबू, कॉफी. 'थोडं थोडं येतं.' मग ती वाटी धरली मी नाकापुढे. छाती हलली नाही त्यांची. श्वासच घेत नव्हते. झणका बसू नये म्हणून धरून ठेवला होता. थोडं थांबून म्हणाले, 'हां. आला. पडवीसारखा.'
पाणी होतं हो.
मी वाटी घेऊन मोरीत गेले. ओतली. नळ सोडून उभी राहिले, मग लक्षात आलं नळाला पाणीच नाही.

१४ ऑक्टो., मंगळ.
राग राग आला रात्रभर. कोणाचा तेच कळेना. आधी ह्यांचा. मला फसवलं. मी गावभर सांगत सुटले.
मग सकाळी चहा करताना, ह्या चार-पाच आठवड्यांत मी कशी उभी असायचे ते डोळ्यापुढे आलं. वाटी नाकाला लावायची आणि लगेच, आला? आला का? आता? पोराला बाराखडी विचारतात तशी. डोळे मिटलेले असले तरी माझा आवाज ऐकू येतो ना. तो बांगडा खाल्ला त्या दिवशी मी जे बोलले, त्याच्या तिसऱ्या दिवशी वास आला. मग कसा नाही येणार.
मला बरं वाटावं म्हणून बोलले ते.
पाण्याचं मी सांगितलेलं नाही. सांगणार नाही. आजपासून विचारायचंही नाही. वाट्या मांडते आणि विहिरीवर जाते. हुंगतील तर हुंगतील.
खुणा लिहायच्या बंद.

१६ ऑक्टो., गुरु.
सकिनाभाभीला खरं काय ते सांगितलं. कोणाला तरी सांगायला हवं होतं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला. म्हणाली, 'मग ती पुन्यावाली मानसं? त्यांस कोन रांधून घालनार, तू?'
'तेच.'
'या अल्ला. भिचारी.'
दोघी हसलो. हसून हसून मग मला वेगळंच यायला लागलं. तिनं सूप बाजूला ठेवून मला जवळ घेतलं. तिच्या अंगाला मसाल्याचा वास. मला येतो. मला सगळे वास येतात, काय उपयोग.

१९ ऑक्टो., रवि.
मी ह्यांना म्हटलं, पाहुणे उद्या येतायत, मला एकटीला जमणार नाही, तुम्ही उभे राहा. म्हणाले बरं. मग वाटण भाजायला घेतलं. कांद्याकडे बघतच राहिले. मला कळत होतं की त्यांना कळत नाही. त्यांना कळलं की मला कळलंय. 
मी स्टूल घेऊन शेजारी बसले. म्हटलं, 'माझ्या नाकाला सर्दी नाही. मी सांगते.'
झारा उचलला. मग म्हणाले, 'सांग.'
'झाला कांदा.'
'नाही झाला.'
'अहो, झाला. वास सुटला.'
'तुझं नाक घाईचं आहे. ऐक. अजून ओला आवाज येतोय. चर्र होतंय ना? ते थांबून सुका आवाज आला पाहिजे.'
ऐकलं. खरंच होतं. कांद्याला आवाज असतो हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं.
मग मी वास सांगायचा, त्यांनी आवाज ऐकायचा. खोबरं मी सांगितलं तेव्हा बरोबर उतरवलं. धण्याला चुकले मी. 'बघा,' म्हणाले, 'आईनं तुला नाक दिलं नाही ते उगीच नव्हे.'
बऱ्याच दिवसांनी टोमणा मारला. गोड वाटला मेला.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा
पुण्याची माणसं बोटं चाटून जेवली. कोळंबीचं सुकं दोनदा मागितलं. त्यांच्यातली एक बाई समुद्रात उतरली आणि जेलीफिश लागलं पायाला, रडत आली. ह्यांनी जुन्या बरणीतला उरलेला शिरका सगळा तिच्या पायावर ओतला. बोटीवर करायचे तसं. 'चोळू नका, ताई. नुसतं वाहू द्या.' मग गुहागरला डॉक्टरकडे पाठवलं. रात्री परत आली तेव्हा हसत होती, म्हणाली, काका, पायाला अजून लोणच्याचा वास येतोय.
हे म्हणाले, येणारच.
जुना संपला. आता घरात शिरका नाही, नव्या बरणीत आहे तोच. असं कधी झालं नव्हतं.
सकाळी ह्यांना तेल लावलं, ओवाळलं. ओवाळणीला काय हवं, त्यांनी विचारलं. म्हटलं काही नको. मग म्हटलं, वाट्या मांडते त्या हुंगता ना? 'हुंगतो.' बास. पुढे विचारलं नाही. जिभेच्या टोकावर होतं. दातात धरलं.

४ नोव्हें., मंगळ.
पट्ट्याच्या पहिल्या भोकात पुन्हा आले. जेवतात. चव लागते म्हणून की मी समोर बसते म्हणून, देव जाणे.
आज पडवीत मी बांगड्या न वाजवता आले, विसरले. हे पाठमोरे जाळं विणत होते. दचकले नाहीत. पण पाऊल वाजलं असेल. माझं पाऊल काही हलकं नाही.

१२ नोव्हें., बुध.
भाभी आली. गुडघे सुजलेत तिचे. गरम पाण्यात सिरका घालून शेकते ती दर थंडीला. 'नवा झाला काय गो?' मी म्हटलं बघते. ती गेल्यावर फडकं सैल केलं. नाक घातलं. कडक वास. ठसका लागला. म्हातारी वर पसरलीय, चांगली गुबगुबीत.
मला विचाराल तर लागला. भाभीला बाटली भरून द्यावी इतका लागला. चमचा हातात घेतला होता.
पण सांगायचं कोणी?
फडकं बांधलं. चमचा खिळ्याला अडकवला. भाभीला निरोप दिला, रविवारपर्यंत थांब. मी, आणि दुसऱ्याला थांब म्हणाले. भाभी काय म्हणाली असेल.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी ऊन पडवीत आलेलं. हे नारळ खवत होते. मी काही म्हटलं नव्हतं, शपथ. खवणी बाजूला करून उठले, हात पुसले, म्हणाले, 'बरणी बघायची ना?'
मी चमचा आणायला गेले, तर म्हणाले, 'चमचा कशाला?'
सुतळी सोडली. फडकं काढलं. दोन्ही हातांनी बरणी धरली, सा. बाई धरायच्या तशी, आणि खाली वाकले.
मी दाराकडे तोंड केलं. माझं तोंड बघून बोलू नयेत म्हणून. अंगणात कोंबडी माती उकरत होती. तिच्याकडेच बघत राहिले. मनात म्हणत होते, काही बोलू नको सुमन, काही बोलू नको. एवढा वेळ हे वाकलेले, मला वाटलं चक्कर तर आली नाही.
मग म्हणाले, 'लागला नाही अजून.'
मी वळले.
'मला तर लागलेला वाटतो.'
'तुला दर वर्षी वाटतो.' हसले. 'वर कडक झालाय, पण तळाला माडी आहे अजून. गोडवट. राहू दे आठ-दहा दिवस.'
फडकं स्वतः बांधलं. बरणीवर हात ठेवला. 'लागला की सांगतो.'
आणि गेले नारळ खवायला.
मी तिथेच. कितीतरी वेळ. म्हटलं, झणका कमी बसला असेल, त्यावरून बोलले असतील. किंवा दर वर्षी आईचं ऐकलेलंच बोलले असतील, पाठ आहे त्यांना. किंवा मी घाईची आहे म्हणून नुसतंच थांबवलं. किंवा...
मला खूश करायचं असतं तर लागला म्हणाले असते. ते मला ऐकायचं होतं, ते त्यांना माहीत होतं.
चमचा हातात होता. फडकं सैलच बांधलं होतं. एक थेंब जिभेवर घेतला असता तर तळाला माडी आहे की नाही, तिथल्या तिथे कळलं असतं.
चमचा धुतला आणि खिळ्याला अडकवला.
भाभीकडे जाऊन सांगितलं, अजून आठ-दहा दिवस. म्हणाली, 'कोनी सांगितलं?'
'ह्यांनी.'
'भावजींनी?' माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'ऱ्हावदे. गुडघं कुटं पळत नाय.'
आता पुन्हा खूण लिहायला बसले. ना. लिहिलं. पुढे काय लिहायचं ते कळेना.
जागा सोडून ठेवली आहे.
ना.